गरोदरपणाआड लपलेला आजार आणि आमच्या वत्सलाताई

डॉ. वत्सला तेलगोटे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते अमरावतीत, डॉक्टरांच्या एका सभेत, आणि पाहिल्याबरोबर मला त्यांचा रागच आला. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी तेव्हा तिथे नुकताच दवाखाना थाटला होता. पाटी नवी आणि डोक्यातली हवाही नवीच. अकोल्याहून हार्मोन्सच्या आजारांच्या तज्ज्ञ बोलायला येणार म्हणून ठेवणीतली साडी नेसून मी पुढच्या रांगेत बसले होते. ताई आल्या, त्यांनी माइक बाजूला सारला आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी खुर्च्या सोडा. खाली जमिनीवर बसा. आता कुठेही हात न टेकवता उठून दाखवा."

काही जण उठले, काही शेजाऱ्याच्या खांद्याला धरून उठले. शहरातल्या एका नामांकित डॉक्टरसाहेबांना तर दोघांनी बखोट्याला धरून उभे केले. माझी साडी पायात अडकली आणि मी पुन्हा बसले. सभागृह हसत होते, ताई मात्र हसत नव्हत्या. "ज्यांना उठता आलं नाही त्यांना आजार नाही, आळस आहे," त्या म्हणाल्या. "पण उद्या तुमच्याकडे एखादी तरणीताठी पोर येईल. कालपरवापर्यंत दिवसभर निंदण करणारी. तिला असं उठता येणार नाही, आणि ती जाडही झालेली असेल. तिला 'वजन कमी कर' म्हणून परत पाठवू नका." माझा राग चहापर्यंत टिकला. चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन विचारले, "मी तुमच्याकडे शिकायला आले तर चालेल का?" त्यांनी माझ्या साडीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "या. पण सुती नेसून या."

तेव्हापासून जमेल त्या शनिवारी मी अकोल्याला त्यांच्या तपासणीच्या खोलीत एका कोपऱ्यात बसत आले आहे. आज ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर लिहिणारे अनेक जण असतील. मी त्या कोपऱ्यातून जे पाहिले तेवढेच लिहिणार आहे.

त्या खोलीत टेबलाशेजारी एक लाकडी पाट असतो. नव्या रुग्णाला ताई आधी पाटावर बसवतात आणि मग उठायला सांगतात. मांड्यांमधली ताकद गेली आहे का, हे त्यांना त्या एका उठण्यात कळते. रुग्णांना मात्र हे माहीत नसते, आणि त्यातून एकदा एक प्रसंग घडला. बाजूच्या तालुक्यातल्या एका मोठ्या शेतकरी घरच्या बाई आल्या होत्या. गळ्यात भरगच्च सोने, सोबत मुलगा आणि ड्रायव्हर. पाट पाहून त्या दारातच थबकल्या. "आमाले खाली काहून बसवता?" त्या म्हणाल्या, आणि मग जरा हळू आवाजात, "तुमी खुर्चीवर, अन् आमी खाली?"

त्या 'तुमी'चा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला. ताई पातूरजवळच्या एका खेड्यातल्या, बौद्ध कुटुंबातल्या. छप्पन साली त्यांच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा त्या आईचे बोट धरून चालत होत्या. त्यांची आई अशाच घरांच्या शेतात मजुरीला जात असे. माझ्या तर जिभेवर उत्तर तयार होते, आणि ते काही सभ्य नव्हते. ताई खुर्चीवरून उठल्या, पाटाशेजारी नुसत्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मीबी खालीच बसते. या. दोघी संगंच उठू."

बाई नाइलाजाने बसल्या. ताई सहज उठल्या. बाईंना उठता येईना. दोनदा प्रयत्न केल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, कारण ही गोष्ट त्या घरीही सगळ्यांपासून लपवत होत्या. ताईंनी हात देऊन त्यांना उठवले आणि विचारले, "गुडघ्यासाठी कोनाच्या पुड्या घेता? ताकाले जाऊन भांडं लपवू नका." पुड्या निघाल्या. कित्येक वर्षांच्या. त्यांत स्टिरॉइड होते. ताईंनी मुलाला जवळ बोलावून बजावले, "पुड्या आजच्या आज फेकायच्या नाहीत. बाहेरून मिळतं म्हणून यांच्या शरीरानं स्वतःचं बनवणं सोडलं आहे. एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल. मी देते त्या गोळ्यांनी हळूहळू उतरवू." त्या गेल्यावर मी फणकाऱ्याने विचारले, "तुम्ही ऐकून कसं घेतलंत?" ताई म्हणाल्या, "ऐकून घेतलं नाही. आधी उठवलं. बाकीचं त्या बऱ्या झाल्या की बोलू." पुढे बोलल्याही. काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही, पण त्या बाईंनी ते खाली मान घालून ऐकले आणि औषध शेवटपर्यंत ताईंचेच घेतले.

आता ज्या कामासाठी ताईंचे नाव वऱ्हाडाबाहेरही घेतले जाते, त्याविषयी. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक छोटी ग्रंथी असते. तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचे हार्मोन झिरपते. ते जगायला लागतेच. पण ते गरजेपेक्षा फार वाढले की चेहरा गोल आणि लाल होतो, पोट सुटते, हातपाय मात्र वाळतात, कातडी पातळ होते, रक्तदाब आणि साखर चढते. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. गरोदर बाईत हा आजार ओळखणे महाकठीण, कारण गरोदरपणात कॉर्टिसॉल तसेही वाढलेले असते, आणि पोट, वजन, पोटावरचे वळ, थकवा हे सगळे तर गर्भारपणाचेच म्हणून खपून जाते. दिसतं तसं नसतं म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे आहे. एरवी भरवशाची असलेली, रात्री गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजायची तपासणीही गरोदरपणात फसवते. ताई ती करतच नाहीत. "जी चाचणी खोटं बोलते हे आपल्याला आधीच माहीत आहे, तिला साक्षीला कशाला बोलवायचं?" असे त्या शिकाऊ डॉक्टरांना विचारतात.

हे सगळे मी ताईंच्या तोंडून अनेकदा ऐकले होते. पण ते माझ्या हाडात उतरले ते अर्चनामुळे. नाव बदलले आहे, पण ही हकिकत लिहायला तिची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे.

अर्चना वरूडकडची. सासरी संत्र्याची बाग, नवरा फळे भरलेले ट्रक घेऊन हिंडणारा. आदल्या वर्षी तिचे पहिले बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेले होते. आता पुन्हा दिवस राहिले तेव्हा सासू, सुभद्राबाई, तिला घेऊन माझ्याकडे आल्या. आल्या त्या मोठ्या अभिमानाने. "पाहा बाई, कशी भरली पोरगी! लगन झालं तवा काडीवानी होती. म्या खाऊ घातलं." आणि अर्चना खरोखरच भरली होती. गाल टमाटर. पण चौथ्याच महिन्यात रक्तदाब इतका चढलेला की मी पट्टा पुन्हा बांधून पुन्हा पाहिला. गरोदरपणामुळे येणारा रक्तदाब इतक्या लवकर येत नाही. हातातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या, म्हणजे पोट वाढत असताना हात बारीक होत चालले होते. पोटावरचे वळ वांग्याच्या रंगाचे आणि बोटाएवढे रुंद. मनगटाभोवती काळेनिळे डाग. बांगड्या भरताना पडले म्हणाली. तिच्या माहेरच्यांनी तर जावई मारतो अशी कुजबूज सुरू केली होती. मी तिला खाली बसवले. तिला उठता येईना. मी त्याच दिवशी अकोल्याला फोन लावला.

ताईंनी तिला तपासले, पुड्या, मलमे, इंजेक्शने यांची उलटसुलट चौकशी केली. काहीच निघाले नाही. याचा अर्थ कॉर्टिसॉल आतूनच येत होते. त्यांनी पांढरा मोठा प्लास्टिकचा कॅन दिला आणि एका पूर्ण दिवसाची लघवी त्यात साठवून आणायला सांगितली. घाई होती. अशा आजारात ऑपरेशन करायची वेळ आली, तर गरोदरपणाचे मधले महिनेच त्यातल्या त्यात सुरक्षित. ते हातचे गेले की बैल गेला आणि झोपा केला अशी गत होते.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम अकोल्याला गेले. सुभद्राबाई आणि अर्चना आल्या. सुभद्राबाईंनी कॅन दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. चांगला जड होता, आणि बाहेरून नव्यासारखा लख्ख. ताईंनी झाकण उघडले. आत तुरीची डाळ होती. काठोकाठ.

अर्चना तोंडाला पदर लावून रडू लागली, आणि सुभद्राबाईंनी तिच्याकडे रागाने पाहून खुलासा केला. "मले तं सांगाची लाज वाटते, बाई. हिनं तुमच्या भांड्यात घान करून ठेवलती! जड अंगाची झाली, बाहेर जाले कंटाळा करते. म्या काल सकाळीच ओतलं, राखेनं घासलं, उन्हात वाळवलं. अन् दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं वापस कराचं? म्हनून डाळ भरली. घरची हाय."

डॉक्टरीणबाईंची तपासणी सुनेने लाजेपायी सांगितली नव्हती, आणि सासूने आपल्या घराची अब्रू राखली होती. माझा पारा असा चढला की काही विचारू नका. हातातून दिवस चालले होते, आणि आमच्यासमोर डाळ! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी ओंजळभर डाळ घेतली, वास घेतला आणि म्हणाल्या, "तूर झकास हाय, मावशी. घरच्याच जात्यावरची?"

"हाव," सुभद्राबाई सुखावल्या.

"ठेवते मी. पन मले पाहिजे ते यात गावत नाही. ते तुमच्या सुनेच्या लघवीतच गावते. रगत एका घडीचं सांगते, लघवी सगळ्या दिवसाचं सांगते. मागचं लेकरू कशानं गेलं, त्याचा पत्ता त्यात लागू शकते."

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. "म्या ओतून देल्लं ते," त्या म्हणाल्या. "म्या माह्या हातानं ओतलं."

ताईंनी त्यांना त्या अपराधीपणात फार वेळ राहू दिले नाही. दुसरा कॅन आणवला आणि तो अर्चनाच्या नव्हे, सुभद्राबाईंच्या हातात दिला. "हा तुमच्या ताब्यात. पोरगी लाजते. तुमी नाही लाजाचं. सावलीत ओल्या पोत्यात ठेवा, अन् एक थेंब कोनाले सांडू द्याचा नाही." पुढे अर्चनाने मला हसत सांगितले, की त्या दिवशी सासूबाई कॅनजवळ खाट टाकून बसल्या होत्या आणि चौकशीला आलेल्या शेजारणीला त्यांनी अंगणातूनच परत लावले. येताना बसमध्ये कॅन मांडीवर. कंडक्टर खाली ठेवा म्हणाला, तर त्याच्याशीही भांडल्या.

तपासणीत कॉर्टिसॉल गरोदरपणाच्या मानानेही कितीतरी पट निघाले. मग रंगद्रव्य न टोचता एमआरआय केला. डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत आवळ्याएवढी गाठ होती. गाठ काढायची, आणि पोटात बाळ असतानाच काढायची, हा निर्णय घरच्यांपुढे मांडायचा होता. तो दिवस माझ्या कायम लक्षात राहील.

"पोटात लेकरू असतानी कोनी ऑपरेशन करते काय?" सुभद्राबाई म्हणाल्या. नवरा भिंतीला टेकून नुसता उभा होता. ताईंनी गाठीचे चित्र कागदावर काढून दाखवले. आणि मग सुभद्राबाईंनी जे विचारले ते मला अपेक्षित नव्हते. "मंग म्या खाऊ घातलं, ते अंगी लागलंच नाही का? ते सारं दुखनंच होतं?"

"तुमचं खाऊ घातलेलं त्या लेकराले लागून राहिलं," ताई म्हणाल्या. "एवढ्या आजारातही ते वाढून राहिलं, ते कोनाच्या जिवावर?"

मग त्या खुर्ची पुढे ओढून अगदी जवळ बसल्या. "मागचं बाळ याच्यानंच गेलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मले तसं वाटते. पन एक नक्की, पोरीचा काही दोष नव्हता. गावात कोनी तिले बोल लावत असन तर त्याले माह्याकडे पाठवा. आता हे असंच चाललं तर हेबी लेकरू जाऊ शकते, अन् तुमची सूनबी. ऑपरेशन केलं तरी भेव आहे. कमी आहे, पन आहे. मी हमी देत नाही."

"तुमची पोरगी असती तं?"

"माही पोरगी असती तर मी एवढ्या शांतपनानं बोलली नसती. रडली असती. अन् ऑपरेशन केलं असतं."

होकार सुभद्राबाईंनी दिला नाही. तो अर्चनाने दिला. तोवर तिला कोणी विचारलेच नव्हते, तर तीच म्हणाली, "करा बाई. मले उठाचं आहे." आम्ही डॉक्टर मंडळी कागदावर सही घेतो आणि तिला संमती म्हणतो. त्या दिवशी मी खरी संमती ऐकली. मला रडू आवरेना, आणि ते लपवायचा प्रयत्नही मी केला नाही.

नागपूरच्या एका कुशल शल्यविशारदांनी दुर्बिणीने गाठ काढली. बाळाचे ठोके चालू राहिले. रक्तदाब उतरला, साखर उतरली. महिन्याभरात गालांची लाली आणि फुगीरपणा ओसरू लागला, तशी गावात "सून वाळली" अशी चर्चा सुरू झाली, आणि सुभद्राबाई आता त्या बोलणाऱ्यांवर तुटून पडू लागल्या. दुसऱ्या बाजूची ग्रंथी इतके दिवस झोपून राहिलेली. ती जागी होईपर्यंत कॉर्टिसॉलची उणीव भरणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या एकही वेळ न चुकवता द्यायच्या होत्या. ताईंनी ते कामही सासूकडेच सोपवले. उपास असो, सण असो, अर्चनाला उलटी होवो, गोळीच्या वेळेला सुभद्राबाई पाण्याचा पेला घेऊन हजर.

अर्चनाचे बाळंतपण माझ्या दवाखान्यात झाले. कळा अपेक्षेपेक्षा आधीच सुरू झाल्या. मी ताईंना फोन करून फक्त औषधाचा डोस विचारला होता. दुपारी पाहते तर ताई व्हरांड्यात! अकोल्याहून एसटीने आलेल्या, हातात पिशवी. "सहज आले. चिखलदऱ्याची कॉफी संपली होती, इथे चांगली मिळते," म्हणाल्या. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई भर दुपारी कॉफी घ्यायला शंभर किलोमीटर येते, हे मी ऐकून घेतले. कळांच्या ताणात निरोगी शरीर जास्तीचे कॉर्टिसॉल सोडते, अर्चनाचे शरीर ते करू शकत नव्हते. म्हणून ते शिरेतून द्यायचे होते. मधे एकदा तिचा रक्तदाब अचानक घसरला, ओठ पांढरे पडले. ताईंनी इंजेक्शन वाढवायला सांगितले, तिचा हात हातात घेतला आणि तिच्याशी संत्र्याच्या बहाराबद्दल बोलत राहिल्या, रक्तदाब वर येईपर्यंत.

मुलगी झाली. लहानशी, पण रडण्यात कमी नाही. मी तिला गुंडाळून बाहेर नेले. मुलगी झाली हे आजीला सांगताना आम्हा डॉक्टरांना एक वाईट सवय लागलेली असते, आवाज आपोआप खाली जातो. सुभद्राबाईंनी बाळाकडे पाहिलेच नाही. माझ्या खांद्यावरून आत डोकावत त्यांनी विचारले, "सून बोलून राहिली काय?" बोलत होती. मग त्यांनी नातीला घेतले.

ताईंच्या हातून असे किती जीव वाचले, हे मी मोजलेले नाही आणि त्यांनीही मोजलेले नाही. मला त्यांच्याकडून एवढेच घेता आले, की मी आता रागावण्याआधी विचारते. नेहमी जमते असे नाही. ताईंना ते माहीत आहे. "तुमचा राग असू द्या," त्या म्हणतात, "फक्त तो रोगावर काढा."

हल्ली मात्र ताई म्हणू लागल्या आहेत, की पंच्याहत्तरी झाली, आता दवाखाना पुरे. गुडघे कुरकुरतात, पाटाशेजारी बसून उठणे पूर्वीसारखे राहिले नाही. त्यांचे म्हणणे रास्तच आहे. त्यांना निरामय आयुष्य लाभो, विश्रांती मिळो, त्यांच्या वाट्याला आता फक्त मायेची माणसे येवोत, अशी आम्हा सर्व शिष्यांची मंगलकामना. एवढे लिहून मी थांबणार होते. पण मागच्या आठवड्यात सुभद्राबाई नातीच्या लसीच्या डोसासाठी आल्या होत्या. नात आता धरून धरून उभी राहते. ताईंवर लेख लिहीत आहे, तुमच्याकडून काय लिहू, असे मी त्यांना विचारले. त्यांनी नातीला कडेवर सावरले, जरा विचार केला आणि मला दरडावल्यासारखे म्हणाल्या,

"लिहा का, ताई, तुमी मराचं नाही. आमच्या गावात अजून लय पोरी लग्नाच्या हायेत."